सगळ्या पिल्लांना एकच दिवा नको

महोदय,

मत्स्यपालनावरच्या लेखांत खाद्य, प्राणवायू, पाण्याचा सामू यांवर भरभरून लिहिलं जातं. दिव्याबद्दल मात्र अवाक्षर नसतं. मी जिताड्याची पिल्लं वाढवतो, म्हणून हे पत्र.

जिताड्याचं पिल्लू सुरुवातीला भक्ष्य बघूनच टिपतं. रोटिफर (खाद्य म्हणून सोडलेला सूक्ष्म जलजीव) दिसला की अंग इंग्रजी 'एस'सारखं वाकवतं, क्षणभर थांबतं आणि झेप घेतं. अंधारात ही झेपच होत नाही. टाकीभर खाद्य असूनही पिल्लू उपाशी. त्यामुळे उजेड हवा, पण सगळीकडे सारखा पसरलेला. फिकट भिंतींवर तो परावर्तित झाला तर पिल्लं खाणं सोडून भिंतीलाच नाक घासत बसतात. भिंती गडद ठेवाव्यात. पाण्यात सूक्ष्म शैवाल सोडलं की उजेड विखुरतो आणि भक्ष्यही उठून दिसतं.

मांगूरचं गणित उलटं! मिशांनी अन्न हुडकणारी ती पिल्लं अंधुक उजेडात शांत राहतात, एकमेकांना कमी चावतात. (आकारानुसार वेगळी काढली नाहीत तर मोठी लहानांना गिळणारच, तिथे दिव्याचा इलाज नाही.)

सर्वांत वाईट सवय म्हणजे खटकन बटण दाबून टाकी उजळवणं. पिल्लं बिथरून भिंतींवर आपटतात. डिमरने उजेड हळूहळू वाढवावा, हळूहळू उतरवावा.

आपल्या शेती पुरवणीत संगोपनाचा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा त्यात उजेडाचाही रकाना असावा, जातीनुसार वेगळा, ही विनंती.

— एक मत्स्यबीज संगोपक