रेडिएटरात बोअरचं पाणी नको

संपादक महोदय,

वॉटर पंप बदलून गाडी हाती आली आणि मांजरसुंब्याच्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे सरकला. गळती कुठंच नव्हती, आत हवा अडकली होती. ती काढायला कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवायचं. इंजिन तापल्यावर कूलंटची वाट मोकळी करणारा थर्मोस्टॅट उघडला की पातळी उतरते, ती थंड झाल्यावर भरून काढायची. गॅरेजवाल्याला एवढाही धीर नव्हता. वर ओतलं काय, तर बोअरचं पाणी! आमच्याकडं त्यानं घागरीला पांढरा थर चढतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होणार? कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी ५०-५० घातल्याचं बिलावर लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीतली पातळी 'मिन' आणि 'मॅक्स'च्या मधे आहे का बघा. इंजिन गरम असताना मात्र रेडिएटरचं किंवा त्या टाकीचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

– एक निवृत्त एसटी चालक, गेवराई (जि. बीड)