अल्माटीला जाताय तर अल्माटीतच थांबा

संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत कझाकस्तानातल्या अल्माटी शहरावर लेख आला होता, जोडप्यांनी छोट्या सुट्टीत जायला मस्त जागा म्हणून. जागा मस्तच आहे, मी आणि नवरा सप्टेंबरअखेर जाऊन आलो, त्यामुळे त्यावर वाद नाही. पण लेखात जो प्लॅन दिलाय तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. एक दिवस शिम्बुलाकचा बर्फ, एक दिवस चारिन कॅन्यन, एक दिवस कोलसाई आणि काइंडी तलाव, उरलेल्या वेळात शॉपिंग. म्हणजे अल्माटी कुठेय यात? रात्री झोपायला तेवढी.

आमच्या टूरवाल्याचा पण अगदी हाच प्लॅन होता. चारिन शहरापासून साधारण 200 किलोमीटर, जायला तीन-साडेतीन तास, यायला तेवढेच, मधे जेवणाला थांबा, आणि कॅन्यनमधे खाली उतरून जरा कुठे बसतोय तोवर गाइड घड्याळ दाखवायला लागला. कॅन्यन सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय, पण छोट्या ट्रिपमधला अख्खा दिवस व्हॅनच्या खिडकीत गेला. कोलसाई तर त्याहून लांब. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, अगं मी नाही बसत परत त्या गाडीत. टूरवाल्यानं पैसे परत मिळणार नाहीत म्हणून सांगितलं, आम्ही म्हटलं राहू देत, आणि तिथून पुढे आमची खरी ट्रिप सुरू झाली.

काइंडी तलावाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, हिरव्यानिळ्या पाण्यातून स्प्रूसची (देवदारासारखं डोंगरी झाड) वाळलेली खोडं वर आलेली. 1911 च्या भूकंपात दरड कोसळून दरी अडली आणि तो तलाव झाला. आता गंमत बघा, त्याच भूकंपात शहरातलं एक चर्च मात्र उभं राहिलं. पानफिलोव पार्कमधलं हे झेन्कोव कॅथेड्रल 1907 साली बांधून झालं, तेही त्याच डोंगरांतल्या स्प्रूसच्या लाकडाचं, उंची 50 मीटरच्या वर. आजूबाजूचं शहर पडलं पण हे लाकूड डोललं आणि टिकलं. एक खिळा वापरला नाही वगैरे सांगतात ते सोडून द्या, त्याशिवायही कौतुक वाटावं असं आहे. सोव्हिएत काळात तिथे म्युझियम होतं, 1995 मधे परत चर्चकडे आलं. म्हणजे भूकंपानं मोडलेलं बघायला लोक पहाटे उठून एवढ्या लांब जातात आणि त्यातून वाचलेलं हॉटेलपासून चालत जाऊन बघत नाहीत, कारण पॅकेजमधे ते "फोटो स्टॉप, 15 मिनिटं" असं लिहिलेलं असतं.

आणि शहर चालायला काय छान आहे! दक्षिणेला डोंगराची भिंत, सगळं शहर त्या उतारावर, त्यामुळे लोक रस्ता सांगताना उत्तर-दक्षिण म्हणतच नाहीत, "वर" आणि "खाली" म्हणतात. वर म्हणजे डोंगराकडे. ट्रान्सलेटर ॲपवर पत्ता विचारला तरी उत्तर हेच येतं आणि एकदा ते डोक्यात बसलं की मॅप लागत नाही. रस्त्याच्या कडेनं अरीक म्हणून छोटे पाट आहेत, डोंगरातलं पाणी त्यातून झाडांना मिळतं, म्हणून फुटपाथवर एवढी सावली.

बाजाराबद्दल लेखात एक ओळ होती, "ड्रायफ्रूट स्वस्त". अहो, कोक बाजारमधे अर्धा दिवस सहज जातो. एका रांगेत घोड्याचं मांस आणि काझी (घोड्याच्या मांसाचं सॉसेज), शाकाहारी लोकांनी ती रांग चटकन ओलांडावी, आणि पुढे एकदम कोरियन बायकांचे स्टॉल. कझाकस्तानात कोरियन कुठून आले? तर 1937 साली स्टालिननं रशियाच्या पूर्व टोकाकडच्या कोरियन लोकांना उचलून रेल्वेत घालून मध्य आशियात पाठवलं. किमचीला, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या लोणच्याला, नेहमीचा कोबी मिळेना तेव्हा त्यांनी तसलंच काही गाजराचं करायला सुरुवात केली. लांब बारीक किसलेलं गाजर, धणे, लसूण, मिरची, व्हिनेगर आणि वरून गरम तेल. तिथल्या मावशीनं चिमट्यानं थोडं माझ्या तळहातावर ठेवलं, मी खाल्लं, तिनं लगेच दुसऱ्या भांड्यातलं ठेवलं, असं करत करत आम्ही जेवलोच म्हणा ना. किमची घेताना मात्र मासे आहेत का ते विचारून घ्या. सप्टेंबरअखेर गेलात तर आपोर्त सफरचंद येतात, एकेक दोन हातात धरावं एवढं. जगातल्या सगळ्या सफरचंदांचा मूळ पूर्वज याच डोंगरातलं जंगली सफरचंद, 1929 मधे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव इथे येऊन तसं म्हणाले आणि पुढे डीएनए तपासणीतही ते बरोबर निघालं.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते कोक-तोबे टेकडीच्या केबल कारपाशी. तिथे आपली भारतीय मंडळी पुष्कळ होती, सगळ्यांची पाठ शेजारच्या मोठ्या सभागृहाकडे. त्याच सभागृहात सप्टेंबर 1978 मधे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची परिषद झाली आणि "सर्वांसाठी आरोग्य" म्हणणारा अल्मा-आता (अल्माटीचं तेव्हाचं नाव) जाहीरनामा निघाला. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्यानं 1970 पासून गावातल्याच बायकांना शिकवून जे आरोग्याचं काम उभं केलं, त्याची नोंद त्याआधीच संघटनेच्या पुस्तकात झाली होती. मराठी वाचकांसाठी अल्माटीवर लिहायचं आणि हे सोडून बीटल्सच्या पुतळ्यासोबत फोटो कसा काढावा ते लिहायचं, हे काही पटलं नाही.

डोंगर बघायचाच, पण त्यालाही टूर लागत नाही. हॉटेल कझाकस्तानजवळून 12 नंबरची बस मेदेऊला जाते, 1691 मीटरवर बर्फाची स्केटिंग रिंक आहे, तिथून गोंडोलानं शिम्बुलाक. रिंकच्या वर पायऱ्या दिसतात त्या 842 आहेत आणि त्या ज्यावर चढतात ते धरण आहे, 1921 मधे दगडमातीचा लोंढा शहरात घुसून माणसं गेली होती, पुढे हे धरण बांधलं आणि 1973 मधे त्यानं तसाच लोंढा अडवला. आम्ही अर्ध्यात बसलो, गुडघे आपापले बघून ठरवा.

संध्याकाळी अरासानच्या सार्वजनिक हमामात गेलो. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, त्यामुळे हनिमूनवाल्यांची निराशा होईल, आणि आत कपडे नसतात, आपल्याला हे जरा जड जातं. पण बाहेर येऊन दूध घातलेला कझाकी चहा प्यायलो, वाटी मुद्दाम अर्धीच भरतात म्हणजे परत परत ओतता येतो, तेव्हा नवऱ्याचा जो चेहरा होता तो चारिनला नव्हता.

भारतीयांना 14 दिवस व्हिसा लागत नाही आणि घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे, त्यामुळे लाँग वीकेंडवाले अजून खूप जाणार आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या वेळी एक दिवस डोंगर आणि बाकी सगळं शहर असा प्लॅन छापा ही विनंती. कॅन्यन आणि तलाव बघायचेच असतील त्यांनी आठवड्याची रजा टाकावी आणि तिकडेच मुक्काम करावा.

आपली,
एक नियमित वाचक