टायर घेण्याआधी जमीन बघ

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माउंटन बाइक आली, तिचं सस्पेन्शनही तुझ्या वजनाला लावून झालं, आणि आता गाडी टायरवर अडली आहे. एक जोडी कोरड्याला आणि एक ओल्याला, अशा दोन जोड्या घ्यायचं तू जवळजवळ ठरवलंच आहेस, फक्त कुठल्या ते माझ्याकडून हवंय. जरा थांब. हा हिशेब हवामानावरून मांडला की पुढचं सगळं गणित बिघडतं. पाऊस पडून गेल्यावर एकाच ट्रेलवर सखल भागात चिखल असतो, उतारावर ओला कातळ असतो आणि झाडीत नुसती दमट, दाबून बसलेली माती. आभाळ तेच, पण तिन्ही ठिकाणी टायरला वेगळं काम करायचं असतं. त्यामुळे आधी जमीन कसली आहे ते बघायचं, मग तिच्यावर पाणी आहे की धूळ ते, आणि टायरचा विचार त्यानंतर.

आधी चिखलाचं सांगतो. मऊ चिखलात टायर वरवर चिकटून पकड धरत नाही, तो आत रुतून खालच्या घट्ट थराला टेकतो. म्हणून चिखलाच्या टायरचे नॉब (टायरवरचे रबराचे उंचवटे) उंच, टोकाला निमुळते आणि एकमेकांपासून लांब असतात. लांब असायला आणखी एक कारण आहे. दोन नॉबच्या मधली माती चाक फिरताना उडून गेली पाहिजे. ती तिथेच थापून बसली की नॉब कितीही उंच असोत, जमिनीला लागतो तो नुसता मातीचा गुळगुळीत पट्टा. असा टायर फार रुंदही नको. २.३ इंचाच्या आसपासचा लवकर खाली उतरतो, शिवाय टायर आणि फ्रेम यांच्यात माती निघून जायला जागा उरते. रुंद टायर हौसेने चढवला आणि मागे फटच राहिली नाही, तर माती चेनस्टेजवळ (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या नळ्या) साचत जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. आणि ओल्या चिकण मातीवर कुठलाच टायर चालत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगतो. तशा दिवशी ट्रेलवर जाऊच नये. आपल्या चाकांच्या चाकोऱ्या वाळून टणक होतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला त्रास देत राहतात.

ओल्या कातळावर नेमकं उलटं. तिथे नॉबला रुतायला काही नाहीच. उंच खिळ्यांसारखे नॉब टोकांवर उभे राहतात, दगडाला रबर कमी लागतं, आणि वळणात तर ते मुडपतात. जो टायर मघाशी चिखलात तुला वाचवत होता तोच इथे पायाखालून सटकतो. कातळाला हवं मऊ रबर, रुंद बुडाचे बेताच्या उंचीचे नॉब आणि त्यांच्या माथ्यावर बारीक खाचा, म्हणजे नॉब दगडाच्या उंचसखल पृष्ठभागाप्रमाणे थोडा उकलतो आणि धरतो. रबराचा मऊपणा शोअर ए या मापात सांगतात. आकडा जितका लहान तितकं रबर मऊ. ४२ म्हणजे फार मऊ, ६० म्हणजे बऱ्यापैकी कडक. सगळ्या कंपन्या हा आकडा छापत नाहीत, पण खूण सापडते. मॅक्सिसमध्ये मॅक्सग्रिप सगळ्यात मऊ, मॅक्सटेरा मधलं, मॅक्सस्पीड वेगासाठी. श्वाल्बेच्या अ‍ॅडिक्स नावाच्या रबराच्या टायरवर रंगीत रेघ असते: लाल वेगाची, निळी मधली, केशरी मऊ आणि जांभळी अतिमऊ. मऊ रबराचा गुण एवढाच नाही की ते चिकटतं. ते दबल्यावर हळू पूर्ववत होतं, त्यामुळे टायर दगडावरून उडत नाही, त्याला धरून राहतो. त्याची किंमत मोजावी लागते ती झीज आणि जड चालीच्या रूपात. कडाक्याच्या थंडीत हे रबरही आखडतं, तेव्हा कमी तापमानात मऊ राहणारं कम्पाउंडच (रबराचं मिश्रण) शोधावं लागतं, आणि ट्रेलवर खरोखरचा बर्फ गोठला असेल तर धातूचे खिळे बसवलेला टायरच हवा.

कातळापेक्षा वाईट असतं ते ओलं मूळ. साल निघालेलं, वाटेला तिरकं पडलेलं, शेवाळाने चमकणारं मूळ असेल तर रबर कितीही मऊ असो, फरक थोडाच पडतो. चाक त्यावर चढत नाही, त्याच्या कडेने घसरत मुळाच्या दिशेने निघतं. तिथे चाक शक्य तितकं काटकोनात आणायचं, ब्रेक मुळाच्या आधीच सोडायचा आणि पुढचं चाक वर येताना हँडलवरचा भार हलका करायचा. मागचं चाक थोडं सरकेल, सरकू दे.

कोरड्यातही एकच प्रकार नाही. चोपून घट्ट झालेल्या जमिनीवर बुटके, जवळजवळ बसवलेले नॉब छान पळतात आणि पकडही पुरेशी देतात, याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. अवघड असतो तो कडक जमिनीवर पसरलेला खडीचा पातळ थर. त्यावर वळण घेणं म्हणजे छऱ्यांवरून चालणं. इथे कडेचे नॉब भक्कम आणि धारदार हवेत, म्हणजे ते थर कापून खालच्या जमिनीला लागतात. वाळू आली की टायर फुगीर आणि हवा कमी, म्हणजे रुतण्याऐवजी तो वर तरंगतो. आणि घोट्याएवढ्या खोल फुफाट्यात काय चालतं माहीत आहे? मॅक्सिस शॉर्टीसारखा उंच, विरळ नॉबचा टायर, जो बघितल्यावर कोणीही चिखलाचाच म्हणेल. कारण खोल फुफाटा आणि मऊ चिखल दोन्हीत टायरचं काम एकच: वरचा सैल थर भेदून खालचा घट्ट थर गाठायचा. एक हाडासारखा कोरडा, दुसरा चिंब ओला, पण टायर तोच. हवामानावरून निवडू नकोस असं मी म्हणतो ते याचसाठी.

आता पुढचा आणि मागचा. दोन्ही सारखे घ्यायची काही गरज नाही. पुढचं चाक वळणात सुटलं तर सावरायला वेळच मिळत नाही, माणूस जमिनीवर असतो. मागचं सुटलं तर बहुतेक वेळा सायकल आडवी सरकते आणि आपण सावरतो. म्हणून पकड पुढे ठेवायची: रबर मऊ, नॉब मोठे, रुंदी मागच्याइतकी किंवा थोडी जास्त. मागे जास्त वजन असतं आणि पेडलचा जोरही तिथेच लागतो, म्हणून मागे थोडं कडक रबर आणि हलकी चाल. मागचा आधी झिजतो. झिजलेला टायर पुढे लावून नवा मागे घालायचा मोह होईल, तो कटाक्षाने टाळ.

पुढच्या टायरकडे बघताना मधले नॉब आणि कडेचे नॉब यांच्यातली मोकळी पट्टी बघ. मॅक्सिसच्या मिनियन डीएचएफमध्ये ती ठळक आहे. सायकल नीट कलवली की कडेचे नॉब असे काही धरतात की विचारू नकोस, पण अर्धवट कलवली तर मधल्या मोकळ्या जागेत क्षणभर आधार सुटल्यासारखं वाटतं. डाउनहिल शर्यतपटू ग्रेग मिनारच्या सहभागातून तयार झालेल्या मॅक्सिसच्याच असेगायमध्ये त्या पट्टीत जादा नॉब भरलेत, त्यामुळे सरळ चालीतून कलापर्यंत पकड अखंड राहते, मात्र टायर जड चालतो. सायकल बिनधास्त कलवण्याची तुला अजून सवय व्हायची आहे, म्हणून माझं मत असेगायच्या जातीच्या टायरकडे झुकतं.

हवेच्या दाबाचं मात्र सविस्तर लिहितो, कारण महागड्या टायरचा सगळा फायदा चुकीच्या दाबाने वाया गेलेला मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलाय. तुझं आणि सायकलचं मिळून मागच्या चाकावर ५० किलो येतात असं धर. साइडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा, ताठपणा बाजूला ठेवला तर ३० पीएसआयला जमिनीला साधारण २४ चौरस सेंटीमीटर टायर टेकतो. तोच दाब २२ केला की ३२ चौरस सेंटीमीटर. टायर तोच, रबर तेच, आणि टेकणारी जागा एक तृतीयांशाने वाढली! शिवाय टायर दगडाभोवती वाकतो, सायकल उडत नाही, आणि खडबडीत वाटेवर चालही सुधारते. कमी हवेने सायकल जड होते हे गुळगुळीत डांबरावर खरं आहे. खडकाळ वाटेवर फार कडक टायर प्रत्येक दगडावर तुला वर फेकतो, आणि तिथे ताकद वाया जाते.

पण खाली जायला मर्यादा आहे. फारच हवा काढली की वळणात टायर रिमवर लोळतो, हँडल फिरवल्यावर सायकल उशिरा ऐकते, आणि दगडावर रिमचा ठणका बसतो. ट्यूब असेल तर ती दगड आणि रिम यांच्यात चिमटून दोन समांतर भोकं पडतात. म्हणून ट्यूबलेस कर, म्हणजे आत ट्यूबच नाही, बारीक भोकं बुजवायला नुसतं सीलंट नावाचं द्रावण. सुमारे ७५ किलोच्या माणसाने २.४ इंची ट्यूबलेस टायरवर पुढे २१ आणि मागे २४ पीएसआयपासून सुरुवात करावी. मग एकच ओळखीचा तुकडा निवड, ज्यात एक वळण आणि थोडे दगड आहेत, आणि दर फेरीला एकेक पीएसआय कमी करत जा. टायर वळणात लोळायला लागला किंवा रिम वाजली की दीड-दोन वाढव, तोच तुझा आकडा. तो लिहून ठेव. गेज मात्र दरवेळी तेच वापर, दोन गेज क्वचितच एकसारखं दाखवतात. तापमानाचाही हिशेब ठेव. २५ पीएसआय भरलेल्या टायरचं तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण सव्वा पीएसआयने कमी होतो. उबदार खोलीत हवा भरून थंडगार पहाटे बाहेर पडलास तर तेवढ्याने तुझा आकडा बिघडतो.

केसिंगवर, म्हणजे टायरच्या कापडी सांगाड्यावर, कंजुषी करू नकोस, निदान मागे तरी. पातळ साइडवॉलचा टायर हलका आणि लवचीक असतो, पण धारदार दगडांच्या ट्रेलवर तो बाजूने फाटतो, आणि मोठी चीर सीलंटने बुजत नाही. केसिंग जाड असेल तर दाबही थोडा आणखी खाली नेता येतो. सीलंट दर दोन-तीन महिन्यांनी तपासत जा, उष्ण हवेत त्याआधीच सुकतं.

टायर झिजला कधी म्हणायचा, हेही तू विचारलंयस. नुसती उंची बघून कळत नाही. मागच्या टायरचा मधला एक नॉब नीट निरखून बघ. जमिनीला आधी टेकणारी त्याची कड बहुधा उतरती कापलेली असते, टायर सहज घरंगळावा म्हणून. मागून सुटणारी कड काटकोनी असते, आणि ब्रेक लावल्यावर जमिनीला अडते ती हीच. या कडेवरून नखाचं टोक फिरव. नख अडलं तर टायरमध्ये जीव आहे. कड गोल होऊन नख सरसर निघून गेलं तर उंची शिल्लक असूनही उतारावर ब्रेक लागणार नाही. मग कडेचा एक नॉब अंगठ्याने बाहेर ढकल. त्याच्या मुळाशी केसाएवढी चीर उघडताना दिसली तर तो वळणात कधीही तुटेल. पुढच्या टायरवर अशी चीर दिसली की मी तो लगेच बदलतो.

तेव्हा माझा सल्ला असा, की दोन जोड्या घेऊच नकोस. पुढे एकच उत्तम टायर घे, २.५ इंची, मऊ रबराचा, मध्यम उंचीच्या नॉबचा, आणि तो वर्षभर ठेव. कोरड्यात तो थोडा जड चालेल, पण पुढची पकड कोरड्यातही लागतेच. बदलायचा तो मागचा. कडक, कोरड्या वाटांसाठी रेकॉनसारखा बुटक्या मधल्या नॉबचा, आणि ओल्यासाठी किंवा मऊ मातीसाठी मिनियन डीएचआर टू सारखा, ज्याचे मधले नॉब ब्रेकिंगसाठीच घडवलेत. चिखलाचा खास टायर तेव्हाच घे, जेव्हा तुझे नेहमीचे ट्रेल आठवडेच्या आठवडे चिखलात राहतात.

पैसे मोजण्याआधी दोन मापं घेऊन मला कळव. पहिलं रिमची आतली रुंदी. मॅक्सिसचे डब्ल्यूटी (वाइड ट्रेल) लिहिलेले २.४ आणि २.५ इंची टायर ३० ते ३५ मिलिमीटरच्या रिमसाठी घडवलेत. तुझी रिम २५ किंवा त्याहून अरुंद असेल तर तेच टायर वरून फुगीर आणि खालून चिंचोळे बसतील, वळणात डगमगतील, आणि मग आपण रुंदी कमी करू. दुसरं, मागच्या चेनस्टेमध्ये आत्ताच्या टायरच्या दोन्ही बाजूंना किती मिलिमीटर जागा उरते ते. चाक सरळ बसवून मोज, आणि माप कडेच्या नॉबपासून घे, साइडवॉलपासून नको. हे दोन आकडे आले की मागचा टायर कुठल्या रुंदीचा घ्यायचा ते लगेच लिहितो.

तुझा,
अमोल