दिव्यांग म्हणून निवडलं आणि दिव्यांग म्हणूनच घरी पाठवलं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

सरकारी भरतीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे हे सगळ्यांना माहितीये, पण त्यातून निवड झाल्यावर मेडिकलला, म्हणजे वैद्यकीय तपासणीला, काय होतं ते पेपरात फारसं येत नाही, म्हणून लिहितोय.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला, कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) घालून चालतो, प्रमाणपत्रावर ५० टक्के दिव्यांगत्व, युडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र पण आहे. क्लार्कच्या जाहिरातीत 'एक पाय' हा प्रकार पात्र म्हणून छापलेला होता, म्हणून फॉर्म भरला, परीक्षा दिली, यादीत नाव आलं, घरी पेढे पण वाटून झाले आणि मग मेडिकलची तारीख आली. तपासणारं मेडिकल बोर्ड पहिल्या मजल्यावर, लिफ्टवर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला आणि तो कागद पण पिवळा पडलेला. दोनदा थांबत जिना चढलो. आत डॉक्टर म्हणाले कॅलिपर काढून उभे राहा. मी म्हटलं सर ते जमत असतं तर कॅलिपर कशाला घातला असता? झालं, कागदावर अनफिट. ऑफिसात काम काय आहे, बसून आहे का उभ्याने, एकानेही विचारलं नाही. मी स्वतःच सांगायला लागलो की टेबलाचं काम आहे, आवक-जावक आणि कॉम्प्युटर, तर पुढच्याला हाक मारली.

आता गंमत बघा, प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डाने सांगितलं हा ४० टक्क्यांच्या वर आहे म्हणून आरक्षणाला पात्र, आणि दुसऱ्याने तोच पाय बघून सांगितलं नोकरीला अपात्र. टक्का हा आरक्षणात बसतो का एवढं बघायला आहे, काम जमेल का हे त्यातून कळत नाही. म्हणून तर पदं आधीच ठरवलेली असतात. केंद्राने ४ जानेवारी २०२१ ला अशी ३५६६ पदांची यादी काढली, त्यात प्रत्येक पदासमोर बसणं, उभं राहणं, चालणं, वाकणं, उचलणं, बघणं, ऐकणं यातलं काय काय लागतं आणि कुठल्या प्रकारचे दिव्यांग चालतील ते लिहिलंय. जाहिरात काढताना ठरवून झालं ना एक पाय चालेल म्हणून, मग मेडिकलला तोच एक पाय खटकतो कसा? शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट आहे की दिव्यांग कर्मचाऱ्याला लागणाऱ्या वाजवी सोयी सरकारी ऑफिसने करून द्यायच्या. रॅकच्या वरच्या कप्प्यातली फाइल मला काढता येणार नाही, मान्य, ती खालच्या कप्प्यात ठेवायला काय खर्च येतो?

हे माझ्या एकट्याचं नाही. इरा सिंघल २०१० ची यूपीएससीची परीक्षा पास झाल्या तेव्हा ढकलणं, ओढणं, उचलणं जमत नाही म्हणून त्यांना नेमणूक नाकारली, त्या कॅटमध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात) लढून जिंकल्या आणि २०१४ च्या परीक्षेत तर देशात पहिल्या आल्या. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील, दिसत नाही म्हणून रेल्वेने घेतलं नाही, पुढच्या परीक्षेत १२४ वा नंबर काढून आयएएस झाल्या. पण प्रत्येकाने देशात पहिलं यायचं आणि मगच क्लार्क व्हायचं का? ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एमबीबीएस प्रवेशाच्या केसमध्ये सांगितलं की नुसत्या टक्क्यावर कुणाला बाद करू नका, उमेदवार तो कोर्स करू शकतो का ते बोर्डाने बघावं. मार्च २०२५ मध्ये तर अंध व्यक्तीला जज होता येईल असं ठरलं. कोर्ट तिथवर पोचलंय आणि आमचं अजून कॅलिपर काढा चाललंय.

बोगस प्रमाणपत्रवाल्यांमुळे तपासणी कडक झालीये, होऊ दे की, खोटा पकडलाच पाहिजे. पण खोटा आहे का हे तपासणं वेगळं आणि खऱ्याला अनफिट ठरवणं वेगळं.

अजून एक. असे आम्ही बाद झालो की 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असा शेरा पडतो. कायद्याने ती जागा पुढच्या वर्षी न्यायची, तेव्हाही त्या प्रकारातला मिळाला नाही तर दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांगाला द्यायची, आणि कुणीच दिव्यांग नसेल तर इतरांना. म्हणजे दोन वर्षं असे शेरे मारले की आरक्षणाची जागा सरळ ओपन होते, आणि उमेदवार तर तिथंच जिन्यात उभा होता.

माझं मागणं एवढंच आहे की मेडिकलला त्या ऑफिसमधला, कामाची माहिती असलेला एक माणूस बसवा, कॅलिपर, श्रवणयंत्र जे काय असेल ते वापरूनच तपासा, आणि अनफिट लिहिलं तर नेमकं कुठलं काम जमणार नाही ते लेखी द्या. मी अपील केलंय. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, परत त्याच पहिल्या मजल्यावर.

आपला,
एक दिव्यांग उमेदवार