लिंटेलचा फोटो आला, पट्टा कुठं गेला?

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

मी औसा तालुक्यातला गवंडी. तीस वर्षं भिंती उचलतोय, आपल्याला पत्र लिहिण्याची पात्रता एवढीच. आपला मोलाचा वेळ घेतो, माफी असावी.

गेल्या आठवड्यात बहिणीकडं गेलो होतो, हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला भूकंपाचा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, त्यात तिच्या जुन्या घराला खिडकीच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत तिरका तडा गेला. आता घरकुल मंजूर झालंय. भाच्यानं हौसेनं दाखवलं. भिंती लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्याच्या, वर चार थर गेलेल्या. दारावर काँक्रीटचा एक तुकडा, खिडकीवर एक तुकडा, मध्ये नुसती वीट. सगळ्या भिंतींवरून फिरणारा सळई-काँक्रीटचा सलग पट्टा नाहीच. "लिंटेलचा हप्ता आला की मामा," भाचा म्हणाला. सरकारी अ‍ॅपवर फोटो गेला, हप्ता आला. फोटोत भिंतीची उंची दिसते साहेब, आतली सळई दिसत नाही.

इंजिनिअरला विचारलं. म्हणाले, भूकंपाच्या नकाशात हा झोन दोन आहे, धोका कमी, लातूरसारखं नाही इथं.

१९९३ साली आमची किल्लारी झोन एकमध्ये होती! म्हणजे सगळ्यात बिनधोक. नकाशा सुधारला २००२ मध्ये. तोवर आमच्या माणसांची नऊ वर्षश्राद्धं झाली होती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून उशिरा आलो, ओसरीतच आडवा झालो म्हणून वाचलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आजी आणि धाकटा भाऊ आत होते. दोन-अडीच फुटी भिंत, दोन्ही अंगांना दगड, पोटात माती नि कपच्या, आरपार जाणारा दगड एकही नाही. भिंत पोटातून फाटली आणि माळवद खाली बसलं. भाऊ दुपारी सापडला, आजी तिसऱ्या दिवशी. पाट्या भरून माती मीच उपसली. त्या मातीत आमच्याच कणगीतली ज्वारी मिसळली होती. मेलेल्यांचा आकडा कुणी साडेनऊ हजारांच्या पुढं सांगतं, कुणी आठ हजार, आमच्याकडं दहाच्या खाली कुणी बोलत नाही. मेलेल्यांचाच हिशेब एक नाही, तिथं सळईचा कोण ठेवणार?

नंतर जागतिक बँकेचा पैसा आला, ५२ गावं नव्यानं वसली आणि आम्हा गवंड्यांना बोलावून शिकवलं. भूकंपात जमीन आडवी हलते. प्रत्येक भिंत आपापली हलली तर कोपरे उघडतात आणि भिंत आडवी पडते. जोत्यावर आणि लिंटेलला सलग पट्टा फिरवला की चारी भिंती एका पेटीसारख्या धरून राहतात. सळई कोपऱ्यात तोडायची नाही, वाकवून शेजारच्या भिंतीत न्यायची. दारावरच्या तुकड्यानं फक्त दारावरचं ओझं पेलतं. हे मला सरकारनंच शिकवलं. भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचं सरकारी मानक आहे, आयएस ४३२६, त्यातही लिहिलंय. आता सरकार विसरलं, गवंडी विसरला नाही.

खर्च म्हणाल तर घरकुल २५ चौरस मीटरचं. मधली भिंत धरून पट्टा साधारण २५ मीटर. ८ मिलिमीटरच्या दोन सळया, मध्ये ६ च्या कड्या, म्हणजे तीस-पस्तीस किलो लोखंड. तीन-चार पोती सिमेंट. भाव रोज बदलतो, पण मजुरीसकट पाच-सहा हजारांत बसतं. घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार. तेवढ्यात तुमच्या एखाद्या उद्घाटनाचा मांडव तरी होतो का?

मागणी एकच. काँक्रीट ओतण्याआधी कोपऱ्यातल्या वाकवलेल्या सळईचा फोटो मागा, मगच हप्ता सोडा. अ‍ॅप तुमचंच आहे.

पण मागायचं कुणाकडं? मार्च २०२४ ला बहिणीकडं धक्के बसले तेव्हा प्रशासनानं सांगितलं, पत्र्यावरचे दगड काढून ठेवा. काढले. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडाले, त्याचा पंचनामा करायला कुणी फिरकलं नाही. दर ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभाला हार पडतात, सलामी होते, गाड्या परत जातात. मेलेल्याला मानवंदना, जित्याला "अंदाजपत्रकात बसत नाही". ग्रामसेवक इंजिनिअरकडं बोट दाखवतो, इंजिनिअर पंचायत समितीकडं, पंचायत समिती मुंबईकडं. मुंबई कुणाकडं दाखवते, तेवढं कळवा.

उद्या ते चार थर मी स्वतः उतरवतोय. पट्टा टाकून परत चढवीन, लोखंड माझ्या पैशानं. भाचा घाबरलाय. भिंत खाली दिसली तर काम मागं गेलं म्हणून पुढचा हप्ता अडकेल, म्हणतो. अडकला तर तेवढं बघा.

आपला,
एक गवंडी, ता. औसा, जि. लातूर