पिठाच्या तेलाला चुंबक कळत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तालुका विज्ञान प्रदर्शनांसाठी घरच्या सामानात होणारा एक प्रयोग आहे: तेलात कॉर्नफ्लोअर कालवायचे आणि विजेच्या भाराने त्याची धार घट्ट करून दाखवायची. प्रयोग जरूर मांडावा, मात्र 'चुंबकशक्ती' म्हणून खपवू नये.

एक वाटी कॉर्नफ्लोअर, दोन वाट्या तेल. घाण्याचे करडई तेल स्वयंपाकालाच ठेवावे. पिशवीतले सोयाबीन तेल पुरते. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतके सैल हवे. गिरणीतून दळून आणलेले मक्याचे पीठ नको, त्यात कोंडा असतो आणि जाड कण लगेच तळ धरतात. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा निव्वळ स्टार्च. त्याचे कण साधारण ५ ते २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, तरी तेही बसतातच. दर वेळी ढवळावे.

पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा लोकरीवर घासून चमच्यातून पडणाऱ्या धारेपासून दोन-तीन सेंटीमीटरवर आणावा. धार पाइपकडे झुकते, जाडावते, कधी तिचे तंतू चमच्यालाच लोंबकळतात. पाइप दूर नेला की ती पुन्हा वाहू लागते. फुग्यानेही जमते, पण तेल चोपडलेल्या केसांवर घासलेला फुगा नीट भारित होत नाही, शिवाय तेलाने रबर लेचे पडते. दमट हवेत भार टिकत नाही. हिवाळ्यातली कोरडी दुपार गाठावी.

तेल वीज जवळपास वाहूच देत नाही, म्हणून विद्युतक्षेत्र आतपर्यंत पोहोचते. स्टार्चच्या कणात थोडा ओलावा असतो, त्यामुळे कणाच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण भार सरकतो. एकाची धन बाजू शेजाऱ्याच्या ऋण बाजूला ओढते, क्षेत्राच्या दिशेने कणांच्या साखळ्या लागतात. त्या तोडायला जोर लागतो, तोच घट्टपणा. क्षेत्र दुप्पट केले तर ही ओढ साधारण चौपट होते. धारेचे झुकणे वेगळे: पाइपजवळ क्षेत्र जास्त तीव्र असते, म्हणून धार तिकडे खेचली जाते.

पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लोअर मुठीत आवळल्यावर दगडासारखे होते, त्यात विजेचा काही संबंध नाही. तिथे दाबाने कण एकमेकांवर घासून अडकतात.

अमेरिकेतील विलिस विन्स्लो यांनी हा परिणाम १९४७च्या पेटंटमध्ये आणि १९४९च्या शोधनिबंधात मांडला. यातून विजेवर चालणारे क्लच आणि ब्रेक होतील, अशी आशा होती. पण दर मिलिमीटरला हजारो व्होल्ट लागतात; ओलावा वाढला की प्रवाह गळतो, तेल तापते, ठिणगी पडते. मोटारींच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये जागा मिळवली ती लोहकण घातलेल्या, चुंबकाने घट्ट होणाऱ्या द्रवांनी. विजेच्या परिणामाला चुंबकशक्ती समजण्याच्या गोंधळाचे मूळ बहुधा तिथेच असावे.

परिणाम ठळक दिसावा म्हणून डास मारायच्या बॅटचे सर्किट काढून जोडण्याचा मोह होईल. तो टाळावा, बटण सोडल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये भार राहतो.

परीक्षकांना एकच विनंती. मुलांना आधी नुसत्या तेलाची धार पाइपजवळ धरायला सांगावी. ती फार तर जराशी झुकेल, घट्ट होणार नाही. मग पिठाच्या धारेजवळ चुंबक धरायला सांगावा. काहीच होणार नाही. एवढे करून दाखवणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत, तक्ता हाताने रंगवलेला असला तरी.

आपले,
पदार्थविज्ञान शिकवणारे काही शिक्षक, परभणी