सहलीच्या पत्रकात भरती-ओहोटीलाही एक ओळ द्यावी

संपादक महोदय,

दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून कोकणात जाणाऱ्या छोट्या सहलींच्या जाहिराती आपल्या वृत्तपत्रातही दिसू लागतात. तीन दिवस, दोन मुक्काम, स्कूबा, पॅरासेलिंग, किल्ला, डॉल्फिन, असा त्यांचा थाट असतो. खोली वातानुकूलित आहे की साधी, जेवण शाकाहारी मिळेल की नाही, हे सारे त्यांत नोंदलेले असते. मात्र त्या दिवशी समुद्राला भरती केव्हा आणि ओहोटी केव्हा, हे मी आजवर एकाही पत्रकात वाचलेले नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही बारा नातेवाईक अमळनेरहून मालवणला जाऊन आलो आणि ही एक ओळ नसल्याने काय होते, ते अनुभवले. म्हणून हा पत्रप्रपंच.

सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून आम्ही मालवणात उतरलो. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापील होता: सकाळी 9 वाजता सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी 3.30 ते 5 देवबागजवळचे त्सुनामी बेट. त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती. हे माझ्या पक्के लक्षात आहे, कारण पत्नीचा उपवास असल्याने मालवणात जाऊनही त्यांच्या ताटात साबुदाण्याची खिचडीच होती. हा तपशील पुढे कामाचा आहे.

सकाळी होडी किल्ल्याकडे निघाली तेव्हा पाणी उतरलेले होते आणि दोन्ही बाजूंना काळे खडक वर आलेले दिसत होते. नावाडी सरळ रेषेत न जाता वळसे घेत होता. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली, त्या जागेची निवड का केली असेल, हे त्या पंधरा मिनिटांत पुस्तकाशिवाय समजले. वाट माहीत नसलेल्या परक्या जहाजाचा तळ याच खडकांवर फुटला असता. (त्याच वर्षी जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली होती. आमच्या भुसावळवरून वाहणारी तापी ज्या शहराजवळ समुद्राला मिळते, ते हेच सुरत. खानदेशी माणसाला हा धागा उगीचच जवळचा वाटतो.) किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे पाणी, हे पाहून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी आमची मंडळी काठावर बराच वेळ नुसती उभी राहिली. महाराजांच्या हातापायांचे ठसे आणि शिवराजेश्वराचे मंदिर पाहीपर्यंत तास संपला आणि होडीवाल्याने हाक दिली. 2025 च्या जुलै महिन्यात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक आहे. त्याला तासाभरात उरकणे हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे, तो येथे सोडतो.

दुपारी साडेतीनला आम्ही देवबागला होडीत बसलो. कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे वाळूचा एक उंचवटा आहे, तेच हे बेट. जाहिरातीतल्या चित्रात पांढरी वाळू, त्यावर छत्र्या आणि खुर्च्या होत्या. होडी थांबली तेव्हा आमच्यासमोर पाण्यात कंबरेपर्यंत बुडालेली पन्नासेक माणसे होती, प्रत्येकाचा मोबाइल धरलेला हात डोक्याच्या वर होता आणि वाळू कोठेच नव्हती. आमच्या मेहुण्यांनी "आरे, वाळू कोठे शे?" असे मोठ्याने विचारले. नावाडी हसून म्हणाला, "काकांनू, आता भरती आसा. सकाळी इला असतास तर वाळू गावली असती."

सकाळी, म्हणजे नेमके आम्ही किल्ल्यावर होतो तेव्हा. कार्यक्रमाची उलटापालट केली असती, तर ओहोटीला वाळू मिळाली असती आणि भरतीला किल्ल्याकडे जाणारी होडीही मोकळ्या पाण्यातून गेली असती.

मनोरंजन हुकले, एवढेच असते तर मी आपली जागा अडवली नसती. सव्वाचारच्या सुमारास पाणी उतरू लागले. नदीच्या मुखाशी ओहोटीत नदीचे आणि समुद्राचे पाणी एकाच दिशेने बाहेर ओढले जाते. उभ्या जागी टाचेखालची वाळू सरकते आहे, हे मला आधी गंमतीचे वाटले. मग पाहिले तर आमचा चौदा वर्षांचा भाचा, जो गिरणेच्या डोहात लहानपणापासून पोहतो, आमच्यापासून दहा-बारा पावले दूर गेला होता आणि तो स्वतः एक पाऊलही चाललेला नव्हता. नावाड्याने त्याला हाताला धरून आणले आणि सगळ्यांना होडीत बसवले. अंगात जीवरक्षक जाकीट होते, म्हणून आज हे शांतपणे लिहीत आहे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी सहलीत बुडाले होते, ही बातमी त्या रात्री मला पुन्हा आठवली.

त्याच रात्री चंद्रोदयाला पत्नीने चिवला किनाऱ्यावर अर्घ्य दिले. चंद्र आमच्या पाठीमागे माडांच्या शेंड्यांवरून वर येत होता आणि समोरचा समुद्र दूर मागे गेलेला होता. शेजारी जाळे आवरत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याला विचारले, तेव्हा त्यांनी जो हिशेब सांगितला तो कोकणात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो म्हणे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. म्हणून पहाटे तीन आणि दुपारी तीन या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. संकष्टीला चंद्र दिसतो तेव्हा ओहोटी असते ती याच हिशेबाने. कृष्ण पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते; अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण सहल आखायला तेवढे पुरे.

हा हिशेब मांडल्यावर आमच्या छापील पत्रकाचे कोडेही सुटले. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सायंकाळी सव्वापाचला. सहल आखणारे गृहस्थ बहुधा कधीतरी पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या आगेमागे देवबागला गेले असावेत, त्यांना साडेतीन ते पाच या वेळेत उघडी पडत जाणारी वाळू दिसली असावी आणि तीच वेळ त्यांनी वर्षभरासाठी छापून टाकली असावी. आम्ही चार दिवस आधी गेलो असतो, तर त्यांचे पत्रक अचूक ठरले असते.

तिसऱ्या दिवशीच्या स्कूबाबद्दल थोडक्यात. पाणी काहीसे गढूळ होते. प्रशिक्षकांनी नाक दाबून कानातला दाब कसा सोडायचा ते नीट शिकवले. अंगठा वर करणे म्हणजे 'छान चालले आहे' नसून 'मला वर न्या' असा अर्थ होतो, हे मात्र घाईत सांगितले. परिणामी आमच्या सूनबाई आनंदाच्या भरात तीन वेळा वर आल्या.

खानदेशातल्या माणसाला पाण्याचे भय नाही, असे नाही. हतनूरच्या 41 दरवाजांपैकी किती उघडले आणि तापीत किती विसर्ग सोडला, हे आपण पावसाळ्यात रोज ठळक छापता आणि नदीकाठची गावे ते वाचून गुरे हलवतात. समुद्राचे पाणी तर दिवसातून दोनदा चढते-उतरते आणि त्याची वेळ वर्षभर आधी ठाऊक असते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी तशी कोष्टके प्रसिद्ध करतो. सुट्टीच्या हंगामात आठवड्यातून एकदा, सूर्योदय-सूर्यास्ताच्या चौकटीशेजारी, अलिबाग, रत्नागिरी आणि मालवण या तीन ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या वेळा आपण छापाव्यात, अशी विनंती आहे. अलिबागचा उल्लेख मुद्दाम केला, कारण कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, पण चालतच परतायचे असेल तर घड्याळ पाहावे लागते. सहल आयोजकांनीही पत्रकावर तारखेपुढे तिथी लिहावी. आखाजी आणि पोळा तिथीवर पाळणाऱ्या आपल्या लोकांना पुढचा हिशेब शिकवावा लागणार नाही.

येत्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा मालवणला जाणार आहोत. या वेळी बसचे आरक्षण करण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून पौर्णिमा शोधली आहे, आणि संकष्टी घरी परतल्यावरच येईल, याची खात्री पत्नीने स्वतः करून घेतली आहे.

आपला,
एक वाचक, अमळनेर